आर१३६ मधले अतिप्रचंड तारे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'सर्वांत जड तारा कोणता' असं शोधलं की आर१३६ए१ हे नाव येतं आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो. कुठे २६५ सूर्य, कुठे ३१५, कुठे २१५, तर कुठे १९६. हे आकडे का हलतात ते कळलं, की या विषयातलं निम्मं तरी कळतं. म्हणून खालच्या उत्तरांत विक्रमांपेक्षा निरीक्षणाला जास्त जागा दिली आहे.

आर१३६ नेमकं काय आहे आणि कुठे आहे?

मोठा मॅजेलनिक मेघ ही आपल्या आकाशगंगेच्या शेजारची लहान दीर्घिका. तिचं अंतर सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं. या दीर्घिकेत टॅरँटुला नावाचा एक अवाढव्य तेजोमेघ आहे, त्याच्या मधोमध एनजीसी २०७० हा तरुण तारकागुच्छ आहे आणि या गुच्छाचा दाट गाभा म्हणजे आर१३६. नावातला 'आर' दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या रॅडक्लिफ वेधशाळेवरून आला. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांनी १९६० साली मॅजेलनिक मेघांतल्या ठळक ताऱ्यांची यादी छापली, तिच्यातली ही १३६ वी नोंद.

तेजोमेघ स्वतः इतका ठळक आहे की जुन्या नकाशांत तो '३० डोराडस' असा एक तारा म्हणूनच नोंदवला गेला होता. तो तारा नसून धूसर ढग आहे, हे १७५१ च्या सुमारास केप ऑफ गुड होपवरून आकाश न्याहाळणाऱ्या लकाय या फ्रेंच निरीक्षकाने ओळखलं. हाच ढग मृगातल्या तेजोमेघाच्या जागी, म्हणजे साधारण १३५० प्रकाशवर्षांवर असता, तर रात्री त्याच्या उजेडात सावल्या पडल्या असत्या, असं नेहमी सांगितलं जातं. या उजेडामागे सर्वांत मोठा हात आर१३६ मधल्या मूठभर ताऱ्यांचा आहे.

'अतिप्रचंड' तारा कशाला म्हणायचं?

सूर्याच्या १०० पटींहून जास्त वस्तुमान असलेल्या ताऱ्याला. नुसत्या 'प्रचंड' ताऱ्यांची सुरुवात ८ पटींपासूनच होते. हबलच्या २०१६ च्या अभ्यासात आर१३६ मध्ये शंभरीपार गेलेले ९ तारे सापडले आणि या नऊ जणांचा एकत्रित प्रकाश ३ कोटी सूर्यांइतका भरला.

त्यांच्यासाठी शेजारच्या दीर्घिकेत कशाला जायचं? आपल्या आकाशगंगेत असे तारे नाहीत का?

आहेत, पण अगदी थोडे. त्यांचं आयुष्य २५-३० लाख वर्षांचं. तेवढ्यात ते संपतात, त्यामुळे गुच्छ तरुण हवा. शिवाय जड तारे मुळातच विरळा जन्मतात, त्यामुळे तो ताऱ्यांनी श्रीमंतही हवा. आपल्याकडे आर्चेस किंवा एनजीसी ३६०३ असे गुच्छ आहेत, पण आपण स्वतः आकाशगंगेच्या चकतीत बसलो आहोत. मधल्या धुळीतून किती प्रकाश गळाला आणि गुच्छ नेमका किती दूर आहे, या दोन्ही प्रश्नांत चूक शिरते. आर्चेस तर आकाशगंगेच्या केंद्राजवळ आहे. दृश्य प्रकाशात तो दिसतच नाही.

मोठ्या मॅजेलनिक मेघाचं अंतर मात्र ग्रहणकारी जोडताऱ्यांवरून सुमारे १ टक्क्याच्या अचूकतेने काढलेलं आहे. ताऱ्याची खरी दीप्ती काढताना अंतराचा वर्ग लागतो, त्यामुळे ही अचूकता फार मोलाची आहे. बदल्यात किंमत मोजावी लागते ती दूरपणाची, आणि पुढची सगळी कथा त्या दूरपणाशी झगडण्याची आहे.

हा सगळा गाभा म्हणजे एकच तारा आहे, असं खरंच मानत होते?

हो, आणि मानणारे काही हौशी लोक नव्हते. १९८१ मध्ये कॅसिनेली, मॅथिस आणि सॅव्हेज या तिघांनी आयूई या अतिनील उपग्रहाची निरीक्षणं वापरून मांडलं की गाभ्यातला आर१३६ए हा सूर्याच्या सुमारे २५०० पट वस्तुमानाचा एकच तारा असू शकतो. तर्क सरळ होता. तेजोमेघ उजळायला अमुक इतकी अतिनील किरणं लागतात, गाभ्यात तर एकच ठिपका दिसतो, वर्णपटातून जोरदार वारा, म्हणजे ताऱ्यातून बाहेर उडणारा वायू, दिसतो. मग ती किरणं त्या एकाच ठिपक्यातून येत असणार.

गफलत ठिपक्यात होती. सरळ रस्त्यावर लांबून येणाऱ्या ट्रकचे दोन दिवे बराच वेळ एकच दिसतात, तसं इथे झालं होतं. १९८५ मध्ये वायगेल्ट आणि बायर यांनी स्पेकल इंटरफेरोमेट्री (अगदी लहान एक्स्पोजरची अनेक चित्रं गणिताने जुळवण्याचं तंत्र) वापरून तो ठिपका फोडला, तेव्हा एका कोनीय सेकंदाच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) आत ८ तारे निघाले. पुढे हबलने त्यावर शिक्कामोर्तब केलं. २५०० सूर्यांचा राक्षस गेला, पण त्याचे तुकडेही राक्षसच होते. ए१, ए२, ए३ ही नावं तो ठिपका फोडण्यातूनच आली.

माझ्या मते १९८१ चा तो शोधनिबंध चुकीचा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता: एवढी किरणं येतात कुठून?

इतक्या दूरचे तारे एकमेकांपासून वेगळे कसे पाहतात?

आधी अडचण किती मोठी आहे ते पाहू. त्या अंतरावर एक कोनीय सेकंद म्हणजे जवळपास ०.८ प्रकाशवर्ष. ए१ आणि ए२ यांच्यात फक्त ०.१ सेकंदाची फट आहे. चिलीतल्या उत्तम रात्रीसुद्धा वातावरणाच्या थरथरीने ताऱ्याचा ठिपका अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त पसरतो. म्हणजे आरसा कितीही मोठा लावा, नुसतं पाहिलं तर ए१, ए२ आणि त्यांचे शेजारी मिळून एकच ठिपका दिसणार.

वाटा तीन आहेत. पहिली, वातावरणाच्या वर जायचं. हबलचा आरसा २.४ मीटरचा, म्हणून दृश्य प्रकाशात त्याची नजर साधारण ०.०५ सेकंदापर्यंत पोहोचते. ए१ आणि ए२ कसेबसे सुटतात.

दुसरी वाट अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सची. वातावरणामुळे प्रकाशलहरी जशी वाकडी होते, त्याच्या बरोबर उलट आकार लवचीक आरशाला सेकंदाला शेकडो वेळा द्यायचा. चिलीतल्या पारानालच्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवर, म्हणजे व्हीएलटीवर, हे तंत्र अवरक्त प्रकाशात चालतं. ए१ ला २६५ सूर्यांचा ठरवणाऱ्या २०१० च्या गाजलेल्या निकालामागे याच दुर्बिणीची निरीक्षणं होती.

तिसरी वाट पुन्हा स्पेकलची, आणि मला ती सर्वांत आवडते, कारण तिच्यात हवेशी झुंज नाही. एक्स्पोजर इतकं लहान ठेवायचं की तेवढ्यात हवा जणू गोठलेली असते. चिलीच्याच सेरो पाचोनवरच्या ८.१ मीटरच्या जेमिनी साउथ दुर्बिणीवर झोरो नावाचं उपकरण आहे. त्याने ६० मिलिसेकंदांची एक, अशी ४० हजार चित्रं ४० मिनिटांत घेतली. त्यांतलं प्रत्येक चित्र म्हणजे ठिपक्यांचा गोंधळ. पण सगळ्यांची गणिती सांगड घातली की हवेचा वाटा वजा होतो आणि दृश्य प्रकाशात हबलपेक्षाही तीक्ष्ण चित्र मिळतं. १९८५ ची युक्ती, नवा कॅमेरा, मोठा आरसा. २०२२ मध्ये आलेल्या या चित्राने ए१ चं वजन पुन्हा उतरवलं. ते कसं, हे पुढे येईल.

ए१ ची गोल तबकडी कुठल्या फोटोत दिसते का?

नाही. त्याचा व्यास सूर्याच्या काही दशक पट असला तरी इथून तो कोनीय सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही लहान आहे. इंटरनेटवर निळ्या गोळ्याच्या बाजूला चिमुकला सूर्य दाखवणारी जी चित्रं फिरतात, ती चित्रकारांची आहेत.

मग ताऱ्याचं वस्तुमान कसं ठरवतात?

एकट्या ताऱ्याचं वस्तुमान मोजता येत नाही, ते अनुमानाने काढावं लागतं. अनुमानाच्या पायऱ्या नीट पाहिल्या तर कुठली पायरी डळमळीत आहे ते दिसतं.

पहिली पायरी: ताऱ्याचं तेज मोजायचं, आणि ते फक्त त्याचंच हवं, शेजाऱ्यांचं नको.

दुसरी: मधल्या धुळीने किती प्रकाश खाल्ला ते वजा करायचं. टॅरँटुलामध्ये धूळ सगळीकडे सारखी पसरलेली नाही, त्यामुळे हा हिशेब प्रत्येक ताऱ्याला वेगळा करावा लागतो.

तिसरी, आणि सर्वांत नाजूक: तापमान. ५० हजार केल्विनच्या आसपासचा तारा आपला बहुतांश प्रकाश दूरच्या अतिनील पट्ट्यात टाकतो. तो प्रकाश वाटेतल्या हायड्रोजनमध्येच गिळला जातो, पृथ्वीपर्यंत येतच नाही. आपल्याला दिसते ती नुसती शेपटी, आणि ४५ हजार केल्विनचा तारा घ्या की ५५ हजारांचा, दोघांच्या शेपट्या जवळपास सारख्याच दिसतात. रंगावरून तापमान काढणं इथे बाद.

म्हणून वर्णपट लागतो. हेलियम, नायट्रोजन, कार्बन, ऑक्सिजन यांच्या अणूंवरून किती इलेक्ट्रॉन उडाले आहेत, हे रेषांवरून कळतं आणि त्यावरून तापमान. ही किल्ली मेघनाद साहांची. १९२० मध्ये त्यांनी आयनीभवनाचं जे समीकरण दिलं, त्यामुळे वर्णपटरेषा आणि तापमान यांचं नातं पहिल्यांदा आकड्यांत आलं. या ताऱ्यांच्या वाऱ्यात साहांनी गृहीत धरलेला समतोल टिकत नाही, म्हणून आज जास्त अवजड संगणकी प्रतिकृती वापरतात; तर्काची दिशा मात्र तीच.

चौथी: तेज आणि तापमान मिळून एकूण दीप्ती. मग ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या प्रतिकृतींना विचारायचं, एवढी दीप्ती द्यायला पोटात किती माल लागेल? त्याचं उत्तर म्हणजे वस्तुमान.

हबलवरच्या स्टिस या वर्णपटमापकाने हे काम आर१३६ मध्ये अगदी शिस्तीत केलं. ०.२ सेकंद रुंदीची फट गाभ्यावर शेजारी शेजारी १७ वेळा ठेवून अख्खा गाभा पट्ट्यापट्ट्यांनी झाडून काढला. २०१६ चे ते ९ तारे त्यातूनच हाती आले.

२६५, ३१५, २१५, १९६... यातला खरा आकडा कुठला?

वरच्या पायऱ्या लक्षात ठेवून पाहा.

२०१० मध्ये खगोलशास्त्रज्ञ पॉल क्राउथर आणि सहकाऱ्यांनी ए१ चं तापमान सुमारे ५३ हजार केल्विन धरलं. दीप्ती आली सुमारे ८७ लाख सूर्यांची आणि वस्तुमान २६५. जन्मतः तो ३२० चा असावा, असंही त्यांनी म्हटलं. बातम्यांमध्ये हा ३२० सुद्धा 'आजचं वजन' म्हणून छापला गेला. २०१६ मध्ये त्याच गटाने नव्या प्रतिकृतींशी ताडून सध्याचं वस्तुमान ३१५ दिलं. २०२० मध्ये बेस्टेनलेनर आणि सहकाऱ्यांनी हबलचे दृश्य प्रकाशातले वर्णपट वापरले; तापमान ४६ हजारांवर आलं, दीप्ती ६२ लाखांवर आणि वस्तुमान २१५ वर. तापमान १३ टक्क्यांनी उतरलं, तर वजनातून १०० सूर्य गेले!

२०२२ च्या झोरो चित्रात तापमानाचा प्रश्नच नव्हता. तिथे पहिली पायरी हलली. शेजारी जास्त स्वच्छ वेगळे झाले, ए१ चं स्वतःचं तेज पूर्वीपेक्षा कमी भरलं, आणि वस्तुमान १९६ च्या आसपास आलं.

एकच आकडा सांगायचा झाला तर मी 'सुमारे २००, तीस-चाळीस इकडे-तिकडे' असं सांगेन. दशांशचिन्हापर्यंत आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि उद्या ए१ ला अगदी चिकटून आणखी एखादा तेजस्वी सोबती सापडला, तर हाही आकडा उतरेल.

जोडतारे असतील तर कक्षेवरून सरळ वजन निघत नाही का?

निघतं, आणि तीच सर्वांत भरवशाची पद्धत. न्यूटनचे नियम ताऱ्याचं तापमान विचारत नाहीत. आपल्या आकाशगंगेतल्या एनजीसी ३६०३ गुच्छात ए१ नावाचीच (हा वेगळा ए१) एक जोडी ३.७७ दिवसांत एकमेकांभोवती फिरते. २००८ मध्ये तिच्यातल्या ताऱ्यांची वस्तुमानं सुमारे ११६ आणि ८९ निघाली. टॅरँटुलामध्येच मेलनिक ३४ ही जोडी आहे, १५५ दिवसांच्या कक्षेची. २०१९ मध्ये तिच्या ताऱ्यांना सुमारे १३९ आणि १२७ असे आकडे मिळाले. शंभरीपार तारे खरोखर असतात याचा हा भक्कम पुरावा. २०० च्या आसपासच्या ताऱ्याची अशी जोडी मात्र हाती लागलेली नाही, म्हणून ए१ अजून अनुमानावरच उभा आहे.

ताऱ्याच्या वजनाला १५० ची मर्यादा असते असं वाचलं होतं. ते चुकीचं का?

२००५ मध्ये डोनाल्ड फिगर यांनी आर्चेस गुच्छातले तारे मोजले. गुच्छाच्या आकारमानावरून १५० च्या वरचे अनेक तारे दिसायला हवे होते, एकही नव्हता. त्यावरून १५० ची भिंत मानली गेली. पुढे आर१३६ ने तिला खिंडार पाडलं. आर्चेसमधली धूळ आणि त्याचं वय यांचा हिशेब बदलला तर तिथलेही आकडे वर सरकतात, असं २०१० च्या गटाचं म्हणणं होतं.

मर्यादा असण्यामागचं कारण मात्र पक्कं आहे. जड ताऱ्याचा प्रकाशच त्याच्या बाहेरच्या थरांना ढकलतो. गुरुत्वाकर्षण आणि प्रकाशदाब समसमान होतात त्या उंबरठ्याला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. हे तारे त्या उंबरठ्यापाशी राहतात, म्हणून त्यांचं अंग सतत झडत असतं. ए१ च्या वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे २६०० किलोमीटर आहे आणि साधारण २० हजार वर्षांत एका सूर्याएवढा माल तो उधळतो. या दाट वाऱ्यामुळेच त्याचा वर्णपट वुल्फ-रायेट ताऱ्यासारखा दिसतो. असे तारे सहसा म्हातारे असतात. ए१ च्या पोटात अजून हायड्रोजनच जळतो आहे. वय जेमतेम १५ लाख वर्षं.

गुच्छाबाहेर सापडलेले जड तारे कुठून आले?

बरेचसे गुच्छातूनच फेकले गेलेले आहेत. दाट गाभ्यात तीन-चार जड तारे जवळ आले की त्यांच्यातला एखादा गोफणीतून सुटावा तसा बाहेर जातो. व्हीएफटीएस ०१६ हा सुमारे ९० सूर्यांचा तारा गाभ्यापासून ३७५ प्रकाशवर्षांवर पोहोचला आहे. ताऱ्यांच्या जागा आणि हालचाली मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजणीवरून २०२४ मध्ये असे ५५ पळपुटे तारे आर१३६ पर्यंत मागे नेता आले, आणि ते दोन लाटांमध्ये निघाल्याचं दिसलं: एक सुमारे १८ लाख वर्षांपूर्वी, गुच्छ जन्मताना, आणि दुसरी अवघ्या २ लाख वर्षांपूर्वी. म्हणजे केवळ गाभ्यातली शिरगणती करून गुच्छात किती जड तारे जन्मले ते ठरत नाही. घर सोडून गेलेल्यांनाही धरावं लागतं.

या ताऱ्यांचा शेवट कसा होईल?

२०१० मध्ये एका शक्यतेची फार चर्चा झाली. गाभा पुरेसा जड राहिला तर आतल्या गॅमा किरणांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या बनू लागतात, दाब ढासळतो आणि तारा मागे काहीही न ठेवता उडतो. कृष्णविवरसुद्धा उरत नाही. पण मोठ्या मॅजेलनिक मेघात जड मूलद्रव्यांचं प्रमाण सूर्याच्या निम्मं आहे. वारे बळकट राहायला तेवढं पुरतं, त्यामुळे मरेपर्यंत ए१ बराच रोडावलेला असेल आणि त्याचं कृष्णविवर होणं अधिक संभवनीय वाटतं.

याच परिसरात व्हीएफटीएस २४३ नावाची जोडी २०२२ मध्ये ओळखली गेली: २५ सूर्यांचा तारा आणि किमान ९ सूर्यांचं शांत कृष्णविवर, १०.४ दिवसांची जवळपास वर्तुळाकार कक्षा. स्फोटाचा मोठा धक्का बसला असता तर कक्षा इतकी गोल राहिली नसती. म्हणजे तो तारा गाजावाजा न करता आत कोसळला असावा.

जेम्स वेबने टॅरँटुलाचा फोटो काढलाच आहे. मग जुन्या हबलची गरज काय?

वेब अवरक्तात पाहते. धुळीत लपलेले, नुकते जन्मलेले तारे शोधायला ती उत्तम. अतिनील तिला दिसत नाही, आणि या ताऱ्यांचे वारे मोजायच्या सर्वांत चांगल्या रेषा अतिनीलातच आहेत. हबल बंद पडली तर या कामाला आज तिच्या तोडीची दुसरी दुर्बीण नाही.

महाराष्ट्रातून हे दिसतं का?

नाही म्हटलेलंच बरं. आर१३६ खगोलीय विषुववृत्ताच्या ६९ अंश दक्षिणेला आहे. मुंबईहून तो जास्तीत जास्त २ अंश वर येतो, कोल्हापूरहून ४, पणजीहून ५. नागपूरकरांसाठी तर तो क्षितिजाच्या रेषेवरच अडकलेला. एवढ्या खाली धुरकं आणि शहरांचा उजेड काही दिसू देत नाहीत. दिशा समजून घ्यायची असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास मृग मध्यावर असताना दक्षिणेकडे तोंड करा. ठळक पांढरा अगस्त्य दिसेल. मोठा मॅजेलनिक मेघ त्याच्याही बराच खाली असतो.

मॉरिशसमधल्या मराठी मंडळींना मात्र तो ४० अंशांवर दिसतो. सिडनी, मेलबर्न, ऑकलंड इथून तर तो कधी मावळतच नाही. शहराबाहेर गेलात तर मेघ नुसत्या डोळ्यांनी दिसेल, आणि सहा इंची दुर्बिणीतून टॅरँटुलाचे पाय व मधला दाट ठिपका. तो ठिपका म्हणजे आर१३६. त्याला फोडायचा प्रयत्न करू नका.

घरबसल्या या ताऱ्यांवर काही काम करता येईल का?

येईल. हबलची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर मास्ट या संग्रहात सर्वांना फुकट खुली होतात. तिथे आर१३६ आणि स्टिस असं शोधा, अतिनील वर्णपट उतरवून घ्या आणि पायथनमधल्या अ‍ॅस्ट्रोपायने उघडा. १५५० अँगस्ट्रॉमच्या (तरंगलांबी मोजायचं एकक) आसपास कार्बनची रेषा असेल. तिच्या निळ्या बाजूला खोल खड्डा दिसेल. आपल्याकडे येणाऱ्या वाऱ्याने गिळलेला तो प्रकाश. खड्ड्याची डावी कड रेषेच्या मूळ जागेपासून किती अँगस्ट्रॉम सरकली आहे ते मोजा, १५५० ने भागा, प्रकाशाच्या वेगाने गुणा. ए१ साठी हे सरकणं १३ अँगस्ट्रॉमच्या जवळपास येतं. उत्तर सेकंदाला २६०० किलोमीटरच्या आसपास आलं तर तुमचा हिशेब बरोबर आहे. फारच कमी आलं तर फटीत शेजारचा तारा तर शिरला नाही ना, ते आधी तपासा.